तत्त्व कळतं, उत्तर चुकतं: सीईटी आणि क्लॅटमधले ‘तत्त्व लावा’ प्रश्न कसे सोडवायचे?

मासुंदाकाठ (ठाणे)

नमस्कार. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमासाठी एमएच सीईटी (महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा) आणि क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची), दोन्हींची तयारी चालू आहे. गुण जातात ते एकाच प्रकारात: वर एक तत्त्व देतात, खाली घटना देतात आणि निष्कर्ष काढायला सांगतात. तत्त्व वाचून कळतं, घटनाही कळते, तरी शेवटी दोन पर्यायांत अडकायला होतं आणि हमखास चुकीचा निवडला जातो. नमुना देतो.

तत्त्व १: दुसऱ्याच्या ताब्यात असलेली जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने घेण्यासाठी जो हलवतो, तो चोरी करतो. कुणाचा गैरमार्गाने फायदा किंवा कुणाचं गैरमार्गाने नुकसान करण्याचा इरादा म्हणजे अप्रामाणिक हेतू.

तत्त्व २: दुरुस्तीची ठरलेली मजुरी मिळेपर्यंत दुरुस्ती करणाऱ्याला ती वस्तू अडवून ठेवता येते.

घटना: रमेशने गोखले रोडवरच्या एका दुकानात आपली सायकल दुरुस्तीला टाकली. मजुरी ४०० रुपये ठरली. काम झाल्यावर रमेशने पैसे दिले नाहीत, तेव्हा ‘पैसे आणा, मग सायकल न्या’ असं सांगून दुकानदाराने सायकलचंच कुलूप लावून ती दुकानाच्या ओट्यावर ठेवली. रात्री रमेश आला आणि मजुरी बुडवायच्या विचाराने घरच्या दुसऱ्या किल्लीने कुलूप काढून सायकल घेऊन गेला.

अ) चोरी नाही, कारण सायकल रमेशच्याच मालकीची आहे.
ब) चोरी आहे, कारण सायकल दुकानदाराच्या ताब्यात होती आणि मजुरी बुडवण्यासाठी ती त्याच्या संमतीशिवाय नेली.
क) चोरी नाही, कारण ४०० रुपयांसाठी कुणाची सायकल अडवून ठेवणं अन्यायाचं आहे.
ड) चोरी आहे, कारण करून घेतलेल्या कामाचे पैसे न देणं म्हणजेच चोरी.

मी ‘अ’ दिलं होतं, उत्तरपत्रिकेत ‘ब’ आहे. स्वतःचीच वस्तू माणूस चोरतो कशी? आणि चोरी आहे असं धरलं, तर ‘ड’ का नाही? शिवाय ‘तर’, ‘तरच’, ‘खेरीज’ असले शब्द आले की घोळ होतो तो वेगळाच. त्यात जुन्या पुस्तकांत दंड संहिता आहे आणि नव्यांत न्याय संहिता. ते सगळं पाठ करायला हवं का?

---

कोर्टनाका

तुमची चूक नेमकी आहे, त्यामुळे दुरुस्तही नेमकी होईल. तत्त्वात ‘मालकी’ हा शब्द कुठे आहे? परत वाचून पाहा. नाहीच. तिथे ‘ताबा’ आहे. ‘मालकी’ तुम्ही घरून आणलीत. दुसरी किल्ली हा तपशील प्रश्नकर्त्याने मुद्दाम पेरलाय, कारण किल्ली ज्याची त्याची वस्तू असंच आपल्याला वाटतं.

पद्धत सांगतो. तत्त्व वाचलं की लगेच घटनेकडे वळू नका. कच्च्या कागदावर तत्त्वाचे तुकडे करा, एका तुकड्याला एक शब्द. वरच्या तत्त्वाचे पाच तुकडे होतात:

जंगम – ताबा – संमती नाही – हेतू – हलवली

आता घटना वाचताना प्रत्येकाखाली बरोबर किंवा फुलीची खूण करत जायचं. सायकल जंगम आहे, बरोबर. ताबा दुकानदाराचा, बरोबर. तत्त्व २ मुळे हा ताबा हक्काचा आहे. ‘पैसे आणा, मग न्या’ म्हणजे पैसे आणेपर्यंत संमती नाही, बरोबर. मजुरी बुडवायचा विचार म्हणजे दुकानदाराचं गैरमार्गाने नुकसान, बरोबर. ओट्यावरून नेली, बरोबर. पाचही जमले की निष्कर्ष आपोआप पडतो. यात तुमचं मत कुठेच विचारलेलं नाही. एका जरी तुकड्याखाली फुली पडली तरी चोरी नाही; बाकीचे चार कितीही घट्ट बसोत.

मग पर्याय. प्रत्येक पर्यायाला दोन भाग असतात, निकाल आणि कारण. आधी निकालावरून चाळायचं: चोरी आहे, तेव्हा अ आणि क गेले. उरले ब आणि ड. आता कारण तपासायचं, आणि कारण तत्त्वाच्या तुकड्यांतूनच आलेलं हवं. ‘ड’मध्ये ‘पैसे न देणं म्हणजे चोरी’ असं म्हटलंय. तसं तत्त्व दिलेलंच नाही. ते खरं मानलं तर वाण्याची उधारी थकवणारा प्रत्येक जण चोर ठरेल. ‘ब’ मात्र ताबा, संमती आणि हेतू या तीन तुकड्यांना हात घालतो. दोन पर्यायांत अडकता तेव्हा बहुतेक वेळा हेच असतं: निकाल दोन्हींत बरोबर, कारण एकातच बरोबर.

हे उदाहरण हवेतलं नाही. दंड संहितेच्या कलम ३७८ खाली घड्याळ दुरुस्तीची दोन उदाहरणं लागोपाठ आहेत. एकात मालकाकडून काहीच येणं नाही आणि तो आपलं घड्याळ जबरदस्तीने उचलून नेतो. ती चोरी नाही. (दुसरा एखादा गुन्हा होऊ शकतो, तो प्रश्न वेगळा.) दुसऱ्यात दुरुस्तीचे पैसे बाकी आहेत, घड्याळजीने तेवढ्यासाठी घड्याळ ठेवून घेतलंय आणि ते तारण मोडायला मालक घड्याळ नेतो, ती चोरी. दोन्हींत घड्याळ तेच, मालक तोच. बदलला तो ‘हेतू’ हा एकच तुकडा. सरावाची उत्तम रीत इथेच सापडते. सोडवलेल्या प्रश्नातली एकच गोष्ट बदलायची आणि उत्तर बदलतं का ते पाहायचं. रमेशने पैसे चुकते केले असते तर? अंधारात तशीच दिसणारी दुसऱ्याची सायकल आपली समजून नेली असती तर? एका प्रश्नाचे असे चार प्रश्न करा.

पाठांतराचं म्हणाल तर १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि चोरीचं कलम ३७८ चं ३०३ झालं. सामान्य ज्ञान आणि विधी अभिरुचीच्या थेट प्रश्नांसाठी एवढं माहीत हवंच. पण तत्त्व लावायच्या प्रश्नात कलमाचा आकडा काहीच कामाचा नाही.

---

पारसिक

कोर्टनाका यांच्याशी सहमत, एका गोष्टीवर मात्र मत वेगळं आहे. ‘तत्त्व आधी, घटना नंतर’ हा क्रम सीईटीच्या आखूड प्रश्नांना चालतो, तिथे तत्त्व दोन-तीन ओळींचं असतं. क्लॅटचा कायद्याचा भाग उताऱ्यांवर असतो. एक उतारा साधारण ४५० शब्दांचा आणि त्याखाली काही प्रश्न. २०२४ च्या परीक्षेपासून १२० मिनिटांत १२० प्रश्न आहेत, त्यांतले २८ ते ३२ कायद्याचे. म्हणजे प्रश्नामागे सरासरी एक मिनिट, तेही उतारा वाचण्याचा वेळ धरून. सगळ्या उताऱ्याचे तुकडे करत बसलात तर वेळ पुरणार नाही.

तिथे असं करा. पहिल्या वाचनात फक्त नियम सांगणारी वाक्यं हेरा. उताऱ्यात इतिहास असतो, टीका असते, न्यायाधीशांची मतं असतात. नियमाची वाक्यं मोजून तीन-चार. ‘जेव्हा’, ‘जर’, ‘आवश्यक आहे’, ‘पुरेसं नाही’, ‘मात्र’, ‘तथापि’ या शब्दांपाशी ती असतात. (क्लॅट इंग्रजीतच असते, तेव्हा तिथले जोडशब्दही डोळ्यांना सवयीचे करून घ्या.) मग प्रश्न वाचा, आणि त्या प्रश्नाला लागू पडणाऱ्या एकाच वाक्याचे तुकडे करा.

आणखी एक. लेखक ज्या मताचा उल्लेख करतो आणि जो नियम मांडतो, त्यांत फरक असतो. ‘काहींच्या मते मालक जबाबदार असावा’ हा नियम नव्हे. प्रश्नात ‘लेखकाच्या म्हणण्यानुसार’ असेल तर लेखकाचा नियम लावायचा, ‘काहींचा’ नाही.

---

सीवूड्स४०

‘तर’ आणि ‘तरच’ यावर सविस्तर लिहिते, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. अमेरिकेतल्या विधी महाविद्यालयांची एलसॅट देणाऱ्यांनाही हेच लागतं. ऑगस्ट २०२४ पासून त्या परीक्षेतली कोडी गेली आणि गुण मोजले जाणारे तर्काचे दोन भाग झाले. प्रत्येक भाग ३५ मिनिटांचा, प्रश्नाला पाच पर्याय, आणि चुकीला दंड नाही. तत्त्वाचे प्रश्न दोन्ही भागांत असतात.

वाशीतल्या एका सोसायटीचा नियम तीन प्रकारे लिहून पाहू.

एक: थकबाकी नसेल तर सभासदाला मत देता येईल.
दोन: थकबाकी नसेल तरच सभासदाला मत देता येईल.
तीन: थकबाकी भरल्याशिवाय सभासदाला मत देता येणार नाही.

दोन आणि तीन हे एकच आहेत. एक वेगळा आहे. आता दोन सभासद घ्या. सुनीताताईंची थकबाकी नाही, पण त्या मागच्या सभेला आल्या नव्हत्या म्हणून सचिवांनी मत देऊ दिलं नाही. पहिल्या नियमाने सचिव चुकले, कारण थकबाकी नसणं एवढंच पुरेसं आहे. दुसऱ्या नियमाने काहीच सांगता येत नाही: थकबाकी नसणं गरजेचं आहे, पण आणखी अटी असू शकतात. दुसरे सभासद, शिंदेकाका. यांची थकबाकी आहे. दुसऱ्या नियमाने त्यांना मत नाही. पहिल्या नियमाने? काहीच ठरत नाही. पहिला नियम थकबाकीदारांबद्दल गप्प आहे.

इथे मराठी कान दगा देतात. आई म्हणते, ‘अभ्यास झाला तर खेळायला जा.’ मूल ऐकतं, ‘अभ्यास झाला तरच.’ बोलण्यात आपण ‘च’ गिळतो आणि समोरचा तो भरून घेतो. परीक्षेत ‘च’ छापलेला असेल तरच तो आहे असं समजायचं.

‘च’ कुठल्या शब्दाला चिकटलाय तेही पाहा. ‘सचिवच नोटीस काढू शकतो’ म्हणजे दुसरं कुणी काढू शकत नाही. ‘सचिव नोटीसच काढू शकतो’ म्हणजे त्याला दुसरं काही करता येत नाही. अक्षर एकच आहे आणि नियम दोन झाले. तसंच ‘देऊ शकते’ आणि ‘दिली पाहिजे’. ‘न्यायालय भरपाई देऊ शकते’ या तत्त्वावरून ‘भरपाई मिळणारच’ हा पर्याय कधीही बरोबर येणार नाही.

आता वेळ वाचवणारी युक्ती. तत्त्वातून कुठल्या दिशेचा निष्कर्ष निघू शकतो हे घटना वाचायच्या आधीच कळतं. ‘अमुक असेल तर योग्य’ असं तत्त्व असेल तर त्यातून फक्त ‘योग्य’ निघतं. ‘अयोग्य’ कधीच निघत नाही. ‘अमुक असेल तरच योग्य’ असं असेल तर उलट: त्यातून फक्त ‘अयोग्य’ निघतं. सराव म्हणून हा प्रश्न घ्या.

तत्त्व: सल्ला देणं योग्य ठरतं ते समोरच्याने तो मागितला असेल आणि देणाऱ्याला त्या विषयाची माहिती असेल तरच.

कुठला निवाडा या तत्त्वाला धरून आहे?

अ) नेरूळच्या शेजारणीने कढीपत्त्याच्या रोपाबद्दल विचारलं, मीनाला बागकामाची माहिती होती, तिने सल्ला दिला, म्हणून ते योग्य.
ब) शेजारणीने काही विचारलं नव्हतं, तरी मीनाने कुंडी बदलायला सांगितलं, आणि तो सल्ला अचूक निघाला, तरीही ते अयोग्य.
क) शेजारणीने विचारलं, मीनाला माहिती होती, पण ती गप्प राहिली, म्हणून ते अयोग्य.
ड) शेजारणीने विचारलं, मीनाला बागकामातलं काही कळत नव्हतं, पण रोप जगलं, म्हणून सल्ला योग्य.
इ) शेजारणीने विचारलं, मीनाने सल्ला दिला, तिला माहिती होती की नाही ते ठाऊक नाही, म्हणून ते अयोग्य.

तत्त्वात ‘तरच’ आहे, म्हणजे निष्कर्ष ‘अयोग्य’ असाच हवा. अ आणि ड न वाचताच बाद. ‘अ’वर फार जण फसतात, कारण दोन्ही अटी पुऱ्या झालेल्या असतात आणि सगळं छान दिसतं, तरी ‘तरच’मुळे त्या अटी पुरेशा आहेत असं कुठेच म्हटलेलं नाही. क मध्ये सल्ला दिलेलाच नाही आणि तत्त्व सल्ला देण्याबद्दल आहे, न देण्याबद्दल नाही. इ मध्ये दुसरी अट तुटली हे माहीत नाही, फक्त अंधारात आहे. माहीत नसलेली अट तुटली असं धरायचं नाही. उरतो ब. अट ‘आणि’ने जोडलेली आहे, त्यामुळे दोनपैकी एक तुटली तरी पुरे. ‘किंवा’ असतं तर दोन्ही तुटाव्या लागल्या असत्या. सल्ला अचूक निघाला या तपशिलाचा तत्त्वाशी काही संबंध नाही. तो नजर वळवायला ठेवलाय.

---

मासुंदाकाठ

‘अ’ न वाचता बाद हे पटायला दोनदा वाचावं लागलं, पण पटलं. एक विचारतो. तत्त्वच खऱ्या कायद्याविरुद्ध असेल तर? एका सराव प्रश्नात ‘२१ वर्षांखालची व्यक्ती अज्ञान’ (म्हणजे वयाने सज्ञान नसलेली) असं होतं. करारासाठी तर १८ ना?

---

तुर्भे_नाका

२१ लिहिलं असेल तर त्या प्रश्नापुरता १९ वर्षांचा मुलगा अज्ञान, विषय संपला. पुढच्या प्रश्नात परत १८.

खरं तर उघड चुकीचं तत्त्व फारसं फसवत नाही, ते लगेच नजरेत भरतं. फसवतं ते अर्धं खरं तत्त्व, आणि तिथे जास्त वाचलेलेच घसरतात. हे पाहा.

तत्त्व: जो आपल्या जागेत निसटल्यास धोकादायक ठरेल अशी वस्तू आणून ठेवतो, तो ती निसटून झालेल्या नुकसानीला जबाबदार असतो, मग त्याची हयगय असो वा नसो. मात्र परक्या व्यक्तीच्या कृत्यामुळे ती निसटली असेल तर तो जबाबदार नाही.

घटना: रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याने आवारात ॲसिडची टाकी ठेवली होती. कारखान्याशी संबंध नसलेल्या एका माणसाने रात्री कुंपण ओलांडून टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. ॲसिड शेजारच्या गोदामात गेलं, माल जळाला. कारखाना जबाबदार आहे का?

ज्याने काहीच वाचलेलं नाही तो ‘नाही’ म्हणेल आणि गुण घेईल. ज्याने थोडं वाचलंय त्याला आठवतं की हे तत्त्व म्हणजे रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्लंडमधल्या खटल्यातला (१८६८) नियम आणि त्याला अपवाद आहेत. पण दिल्लीत डिसेंबर १९८५ मध्ये ऑलियम वायू गळला, त्यानंतर एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांसाठी बिनअपवाद जबाबदारीचा नियम घातला. म्हणून तो ‘जबाबदार’ निवडतो. कायदा त्याला बरोबर येतो आणि उत्तर चुकतं, कारण दिलेल्या तत्त्वात अपवाद छापलेला आहे आणि छापलेलंच लावायचंय. ते पूर्ण जबाबदारीचं तत्त्व दिलं असतं तर याच घटनेचं उत्तर उलटं झालं असतं.

म्हणून ‘मात्र’ दिसला की तत्त्वाचे दोन मजले समजायचे. खालचा मजला नियम, वरचा अपवाद. आधी नियमाचे सगळे तुकडे जमतात का ते पाहायचं. जमले नाहीत तर अपवादापर्यंत जायचंच नाही. जमले तर अपवादाचेही तसेच तुकडे करायचे: ‘परकी व्यक्ती’, ‘कृत्य’, ‘त्यामुळे निसटली’. व्हॉल्व्ह कारखान्याच्या पाळीतल्या कामगाराने उघडला असता तर तो परका नाही, अपवाद कोसळला, जबाबदारी परत नियमाकडे. व्हॉल्व्ह आधीपासूनच गळत होता आणि परक्याने फक्त कुंपण मोडलं असेल तर ‘त्यामुळे’ हा तुकडा जमत नाही. आणि हयगयीबद्दल लांबलचक तपशील दिला असेल (वॉचमन झोपला होता, दिवे बंद होते) तर तत्त्वाकडे परत बघा. तिथे ‘हयगय असो वा नसो’ आहे. तो सगळा तपशील वजा करायचा.

---

सीवूड्स४०

+१. थोडी भर घालते. घटना गप्प असेल तिथे आपणही गप्प राहायचं. समजा तत्त्व आहे ‘नोकराने कामाच्या ओघात केलेल्या चुकीला मालक जबाबदार’. ‘टेम्पोचालक एपीएमसीतून कांदा घेऊन निघाला आणि ऐरोलीत त्याने हातगाडीला धडक दिली’ एवढंच दिलं असेल तर तो खाजगी कामाला वळला होता असं धरायचं नाही. ‘बहिणीकडे डबा द्यायला वळला’ असं छापलेलं असेल तरच ‘कामाच्या ओघात’ या तुकड्यावर प्रश्न उभा राहतो. ‘दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही’ हा पर्यायही याच कसोटीवर घ्यायचा: तत्त्वातला एखादा तुकडा घटनेत कुठेच सापडत नसेल तर तो बरोबर. आपल्याला उत्तर सुचत नाही म्हणून तो निवडायचा नाही.

---

पारसिक

गुणांचा हिशेबही लिहून ठेवतो. एमएच सीईटीला चुकीला दंड नाही, तेव्हा तिथे एकही प्रश्न कोरा ठेवू नये. शेवटची दोन मिनिटं राहिलेल्या प्रश्नांना खुणा करायला राखून ठेवा. क्लॅटमध्ये बरोबरला १, चुकीला वजा पाव. चारपैकी दोन पर्याय निकालावरून गेले आणि उरलेल्या दोघांतला एक अंदाजाने घेतला तर सरासरी पदरात पडतं ते: अर्धा वजा एक अष्टमांश, म्हणजे ०.३७५. फायदाच. चारांतला एक डोळे मिटून घेतला तर ०.२५ वजा ०.१८७५, म्हणजे ०.०६२५. तोटा नाही, पण एवढ्याशा लाभासाठी थांबून विचार करत बसण्यात अर्थ नाही. तेव्हा निकालावरून चाळणी झाली असेल तर उत्तर द्याच, आणि एका प्रश्नावर दीड मिनिट गेलं की खूण करून पुढे सरका.

सरावाला वही हवी. नुसतं ‘चूक’ लिहून काही कळत नाही, चुकीची जात लिहा. जाती चार पुरतात: बाहेरचं आणलं (तुमची ‘मालकी’), तुकडा सुटला, दिशा उलटली (तर/तरच), निकाल बरोबर पण कारण चूक. रोज १० प्रश्न, आणि पर्याय झाकून. घटना वाचली की आधी स्वतःचं उत्तर कारणासकट एका ओळीत लिहायचं, मग पर्याय उघडायचे. पर्याय आधी वाचले की चांगलं लिहिलेलं चुकीचं कारण डोक्यात बसतं आणि मग घटना त्याच्या चष्म्यातून दिसते. साठ-सत्तर प्रश्न झाले की वहीत एकच जात सारखी दिसायला लागते. पुढचे आठ-दहा दिवस फक्त त्या जातीवर घालवा.

---

कोर्टनाका

मराठी प्रश्नपत्रिका निवडणाऱ्यांसाठी शब्दांची जोडी. कायद्याची मराठी आणि रोजची मराठी इथे वेगळ्या आहेत: ‘अज्ञान’ म्हणजे सज्ञान वयाखालचा, अडाणी नव्हे. ‘प्रतिफल’ म्हणजे कराराच्या बदल्यात दिलेलं किंवा कबूल केलेलं काही, बक्षीस नव्हे. ‘अपकृत्य’ हा दिवाणी दोष, त्यासाठी तुरुंग नाही, भरपाई. ‘सद्भावनेने’ हा शब्द आला की तत्त्वात त्याची व्याख्या दिलीय का ते पाहा. दिली असेल तर तीच घ्या, मनातली नको. वाक्य लांब आणि गुंतलेलं वाटलं आणि इंग्रजी मजकूरही समोर असेल तर फक्त जोडशब्द ताडून पाहा, ‘आणि’ आहे की ‘किंवा’. सगळं वाक्य दोनदा वाचायला वेळ नसतो.

---

मासुंदाकाठ

सगळ्यांचे आभार. तुम्ही म्हणालात तसा तोच प्रश्न बदलून पाहिला. मजुरी ४०० ठरली होती. काम झाल्यावर दुकानदार १,००० मागू लागला, जादा काम काही केलेलं नव्हतं. रमेशने ठरलेले ४०० दुकानदाराच्या हातात दिले, दुकानदाराने ते घेतले पण ‘बाकीचे ६०० आणल्याशिवाय सायकल नेऊ नको’ म्हणाला. रात्री रमेश दुसऱ्या किल्लीने कुलूप काढून सायकल घेऊन गेला.

माझे तुकडे: जंगम, बरोबर. ताबा, बरोबर. संमती नाही, बरोबर. हलवली, बरोबर. हेतूखाली फुली. म्हणून चोरी नाही. कारण लिहिलं: ‘दुकानदाराने लबाडी केली म्हणून.’

---

कोर्टनाका

निकाल बरोबर, तुकडेही बरोबर. कारण मात्र चौथ्या जातीचं झालं. दुकानदार लबाड होता की त्याचा हिशेब चुकला, तत्त्वाला त्याच्याशी देणंघेणं नाही. तत्त्व २ मध्ये शब्द आहे ‘ठरलेली मजुरी’. ठरलेले ४०० त्याला मिळाले, त्या क्षणी अडवून ठेवायचा हक्क संपला. मग सायकल नेण्याने त्याचं गैरमार्गाने काही नुकसान होत नाही, रमेशला गैरमार्गाने काही मिळत नाही, म्हणून हेतूचा तुकडा तुटतो. ओळीत एवढंच लिहायचं: ‘ठरलेली मजुरी दिली होती, अप्रामाणिक हेतू नाही.’

या प्रश्नाला ‘चोरी नाही, कारण पैसे घेतले म्हणजे दुकानदाराने संमती दिली’ असा पर्याय हमखास येईल. तो घेऊ नका. ‘नेऊ नको’ हे त्याचे शब्द घटनेत छापलेले आहेत.

आता आणखी एक बदल करून पाहा. १,००० मागताना दुकानदाराने खरंच नवी चेन टाकली होती, आणि ‘लागेल ते करा’ असं रमेशने सुरुवातीला सांगितलं होतं. ‘ठरलेली’ या शब्दाचं काय होतं ते तुकडे करून इथे लिहा.